देवालयाची लूट आणि तिचे लेखन

एज्राच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एक यादी आहे. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात, आणि उपासनेत तर ती क्वचितच वाचली जाते. नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून नेऊन आपल्या दैवताच्या मंदिरात ठेवलेली पात्रे पारसाचा राजा कोरेश याने बाहेर काढविली आणि खजिनदार मिथ्रदाथ याच्या हस्ते यहूदाचा सरदार शेशबस्सर याच्या स्वाधीन केली. त्या वेळची ही मोजदाद होय. सोन्याच्या ३० पराती, चांदीच्या १००० पराती, २९ सुऱ्या, सोन्याचे ३० कटोरे, दुय्यम प्रतीचे चांदीचे ४१० कटोरे आणि इतर पात्रे १०००. यादीच्या शेवटी एकूण संख्या दिली आहे ५४००. ज्याला बेरीज येते अशा कोणीही ती करून पाहावी. ती २४९९ भरते.

हा हिशेब न जुळणे प्राचीन काळच्या वाचकांनाही खुपले असावे. ‘पहिले एस्द्रास’ या ग्रीक ग्रंथात हीच यादी पुन्हा येते. तेथे सोन्याची पात्रे ३० ऐवजी १००० झाली आहेत, चांदीचे कटोरे ४१० ऐवजी २४१० झाले आहेत, आणि एकूण संख्या ५४६९ ही बेरजेशी तंतोतंत जुळते. पाठचिकित्सेचा ज्यांना थोडाफार परिचय आहे त्यांना येथे काय घडले हे सांगावयास नको. अडचणीचा पाठ जुना, आणि गुळगुळीत झालेला पाठ मागाहूनचा, हा त्या शास्त्राचा प्राथमिक नियम होय. आम्ही बडोद्यात राहतो. येथील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाच्या सातही कांडांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचे तेच कार्य केले. ज्या गावात हस्तलिखितांच्या पाठभेदांवर पंडितांनी आयुष्ये वेचली, त्या गावातील वाचकाला न जुळणारी बेरीज पाहून दचकण्याचे कारण नाही. किंबहुना ती न जुळणारी बेरीजच आम्हांला अधिक विश्वसनीय वाटते. कोणा कारकुनाच्या हातचा, कोठेतरी फाटलेला वा नकलताना ओळी गळालेला असा एखादा जुना कागद ग्रंथकाराच्या हाती आला, आणि त्याने तो जसाच्या तसा ग्रंथात उतरवून ठेवला. दंतकथेची बेरीज सहसा चुकत नाही.

हे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, देवालयाच्या लुटीचा विषय निघाला की गुजरातेत आणि महाराष्ट्रात एकच नाव सर्वांच्या ओठी येते, ते म्हणजे सोमनाथ. त्याविषयी जे लिहिले गेले आहे ते वाचण्याची रीत आम्ही पवित्र शास्त्राकडून शिकू शकतो काय, आणि उलटपक्षी सोमनाथाच्या वृत्तांतांपासून पवित्र शास्त्राच्या वाचनाला काही लाभ होतो काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो केवळ पांडित्याचा नाही. गुजरातेत अल्पसंख्य असलेल्या आमच्या मंडळीतील तरुणांना या प्रश्नावर शेजारी काय म्हणतात हे रोज ऐकावे लागते, आणि आमच्या व्यासपीठांवरून जे बोलले जाते ते शेजारीही ऐकत असतात.

प्रथम घटना. गझनीचा सुलतान महमूद मुलतानमार्गे वाळवंट ओलांडून अणहिलवाड पाटणास आला, तेथील चालुक्य राजा पहिला भीमदेव राजधानी सोडून गेला, आणि इ. स. १०२६ च्या जानेवारीत महमुदाने प्रभासपट्टणाचे सोमनाथाचे देवालय घेतले, लिंग फोडले, संपत्ती नेली. येथवर वाद नाही. महमुदाच्या समकालीन अल्‌ बिरुनीने या लिंगाचे स्पष्ट वर्णन केले आहे. वरचा भाग फोडून उरलेला भाग त्यावरील सोन्याच्या व रत्नजडित आवरणांसह गझनीस नेण्यात आला, त्याचा काही अंश तेथील मैदानात स्थानेश्वराच्या चक्रस्वामीच्या काशाच्या मूर्तीजवळ टाकला गेला आणि काही मशिदीच्या दाराशी ठेवण्यात आला, असे तो सांगतो. महमुदाच्या या स्वाऱ्यांनी देशाची समृद्धी धुळीस मिळविली असेही त्याने लिहिले आहे. राजाच्या आश्रयास असलेल्या विद्वानाच्या लेखणीतून ही गोष्ट उतरली याचे मोल मोठे आहे.

परंतु याच घटनेचे वर्णन इतरत्र कसे वाढत गेले ते पाहावे. महमुदाचा दरबारी कवी फर्रुखी याने सोमनाथ हे नाव ‘सु-मनात’ असे फोडून, अरबस्तानातून पळवून आणलेली मनात नावाची देवीच येथे लपविली होती अशी कल्पना मांडली. तसे केल्याने स्वारीला पैगंबरांच्या अपुऱ्या राहिलेल्या कार्याच्या पूर्तीचे स्वरूप आले. सुमारे दोन शतकांनी इब्न अल्‌ असीर लिहितो तेव्हा देवालयाला १०,००० गावांचे उत्पन्न, १००० पुजारी, यात्रेकरूंचे मुंडन करणारे ३०० न्हावी, शिशाने मढविलेले ५६ सागवानी खांब आणि पन्नास हजारांहून अधिक मृत अशी सारी भरगच्च गणती आलेली असते. फारसी कवी अत्तार याच्या काव्यात मूर्ती मोबदला घेऊन परत देण्यास महमूद नकार देतो आणि मूर्ती जाळताच तिच्यातून रत्ने पडतात. सतराव्या शतकाच्या आरंभी फरिश्ता हीच कथा पोकळ मूर्तीच्या पोटातून हिरेमाणके बाहेर पडली अशा रूपात इतिहास म्हणून सांगतो. शिवलिंग हा भरीव दगड असतो. त्याच्या पोटात तिजोरी असू शकत नाही, हे सौराष्ट्रातील कोणतेही पोर सांगेल. पण बोधकथेला तिजोरी हवी होती. ज्याने धन नाकारले त्याला दुप्पट धन मिळाले, असे तिला सांगावयाचे होते.

म्हणजे येथेही बेरीज जुळवण्याचे काम चालू होते, फक्त ते विजेत्याच्या बाजूने चालू होते.

आता यरुशलेमेकडे वळू, कारण तेथे नेमके उलट दिसते. ख्रि. पू. ५९७ मधील यरुशलेमेच्या पाडावाची बाबेली नोंद मातीच्या इष्टिकेवर कोरलेली उपलब्ध आहे. डोनाल्ड वाइझमन यांनी ती १९५६ साली प्रसिद्ध केली. ती अवघ्या काही ओळींची आहे. राजाने यहूदाच्या नगराला वेढा दिला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतले, तेथील राजास पकडले, आपल्या मनाजोगता राजा नेमला, आणि मोठी खंडणी घेऊन बाबेलास परतला. मंदिराचा शब्ददेखील नाही. बाबेलच्या लेखनिकाला त्या डोंगरी गावातील देवालय उल्लेखण्याइतके महत्त्वाचे वाटले नसावे. त्या देवालयातील एकेक चिमटा, एकेक कातर, एकेक धूपपात्र कोणी नोंदवून ठेवले? ज्यांचे ते नेले गेले त्यांनीच. २ राजे २५ आणि यिर्मया ५२ ही प्रकरणे वाचताना अठरा हातांच्या त्या दोन पितळी स्तंभांवरील डाळिंबांची संख्या देण्यास लेखक थांबतो, हे पाहून वाचकाचे मन हेलावते. स्तंभ केव्हाच फोडून त्यांचे पितळ वाहून नेले गेलेले असते. जे आता नाही त्याची मापे तो देत असतो. पुष्कळदा वाटते की विलापगीतांत मोठ्याने रडलेले दुःख येथे जमाखर्चाच्या भाषेत बोलत आहे.

पीटर ॲक्रॉइड यांनी १९७२ मध्ये एका निबंधात या पात्रांचा धागा जुन्या करारात कोठून कोठे जातो ते दाखविले आहे. यहूद्यांच्या मंदिरात मूर्ती नव्हती. इतर राष्ट्रांची दैवते विजेता उचलून नेई, आणि पुढे कोणी उदार राजा आला की ती आपापल्या देवळांत परत जात. बाबेलात १८७९ साली सापडलेली कोरेशाची मृत्तिकानलिका हेच सांगते. ती २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवली होती, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलीही असेल. यहूद्यांजवळ परत येण्यासारखी मूर्ती नसल्यामुळे तो मान पात्रांकडे आला. पहिले मंदिर आणि दुसरे मंदिर यांच्यामध्ये जो पूल आहे तो या परातींचा व कटोऱ्यांचा आहे. हे विवेचन आम्हांस पटते. मात्र हा पूल वाटतो तितका मजबूत नाही हेही म्हटले पाहिजे, कारण २ राजे २४:१३ मध्ये नबुखद्नेस्सराने शलमोनाने केलेली सोन्याची सर्व पात्रे तोडून टाकली असे सरळ विधान आहे. तोडलेली पात्रे अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांनी अखंड कशी परत आली? कोणी म्हणतात येथील क्रियापदाचा अर्थ सोन्याचा पत्रा उचकटणे असा घ्यावा. कोणी म्हणतात तुटली ती मोठी पात्रे, परतली ती लहान. आम्हांला या समेटांची घाई दिसत नाही. एका परंपरेला सर्व काही संपले हे सांगावयाचे होते, दुसरीला काहीतरी शिल्लक राहिले हे. आणि ज्यांनी हे ग्रंथ एकत्र बांधले त्यांनी दोघांचेही तोंड दाबले नाही.

याहूनही लक्षणीय गोष्ट म्हणजे परक्या राजाने हात घालण्यापूर्वी या मंदिराची किती वेळा लूट झाली होती, आणि ती कोणी केली होती, हे राजांचे पुस्तक लपवीत नाही. मिसराच्या शिशकाने रहबामाच्या पाचव्या वर्षी सोन्याच्या ढाली नेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या आणि राजा मंदिरात जाई तेव्हा त्या मिरविल्या जात व परत पहारेकऱ्यांच्या कोठडीत ठेवल्या जात. (या एका वाक्यात उतरत्या राज्याचे जेवढे चित्र आहे तेवढे पुष्कळ ग्रंथांत नसते.) आसाने मंदिराचा खजिना बेन-हदादास लाच म्हणून पाठविला. योआशाने तो हजाएलास दिला. आहाजाने पितळी सामान मोडले. देवभीरू म्हणून ज्याची वाखाणणी होते त्या हिज्कीयाने सन्हेरीबाची तीनशे किक्कार चांदी व तीस किक्कार सोने भरण्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोने स्वतःच्या हाताने सोलून काढले. आणि २ राजे १४ मध्ये तर इस्राएलाचाच राजा, त्याच परमेश्वराचे नाव घेणारा, त्याच याकोबाच्या वंशाचा, यरुशलेमेची भिंत पाडून मंदिरातील सोने, चांदी व पात्रे शोमरोनास घेऊन गेला. या घटनेवर उपदेश ऐकल्याचे आम्हांला स्मरत नाही.

मराठी वाचकाला तर ती विशेष जवळची वाटावयास हवी. इ. स. १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदादेवीची मूर्ती जागची हलविली. आद्य शंकराचार्यांच्या परंपरेचे ते पीठ, आणि लुटणारे गोब्राह्मणप्रतिपालनाची बिरुदे मिरविणाऱ्या राज्याचे. पुनःप्रतिष्ठेसाठी त्या वेळी स्वामींना द्रव्य व सामग्री पाठविली ती टिपू सुलतानाने. त्याची कन्नड पत्रे १९१६ साली मठात सापडली. टिपूने इतरत्र काय केले हा निराळा प्रश्न आहे, आणि या एका पत्रव्यवहाराने त्याचे उत्तर मिळत नाही. आम्हांला म्हणावयाचे आहे ते एवढेच की शृंगेरीची लूट आमच्या शालेय पुस्तकांत कधी आली नाही, आणि अमस्याच्या काळची लूट मात्र इस्राएलाच्या पवित्र ग्रंथात आली.

सोमनाथाकडे पुन्हा येऊ. आधुनिक काळात त्या लुटीचे जे दोन अर्थ प्रभावी ठरले त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे. कन्हैयालाल मुनशी हे बडोदे कॉलेजचे विद्यार्थी. १९०२ साली ते येथे आले आणि अरविंद घोष हे त्यांचे अध्यापक होते. त्यांच्या ‘जय सोमनाथ’ या कादंबरीने देवनर्तकी चौला व भीमदेव यांच्या कथेतून गुजरातच्या दोन पिढ्यांच्या मनात ते देवालय उभे केले, आणि १९५१ साली, ज्या वर्षी ११ मे रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते नव्या मंदिरात प्रतिष्ठा झाली त्याच वर्षी, त्यांनी सोमनाथावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुनशींची लेखणी समर्थ आहे यात शंका नाही. त्यांच्या मते १०२६ ची जखम हिंदू समाजाच्या मनात नऊशे वर्षे अखंड वाहत होती. रोमिला थापर यांच्या २००४ च्या ‘सोमनाथा’ या ग्रंथाने नेमका याच विधानावर आघात केला. त्यांनी दाखविले की स्थानिक संस्कृत शिलालेखांत महमुदाचे नाव शोधून सापडत नाही, इ. स. ११६९ च्या भाव बृहस्पतीच्या लेखात कुमारपालाने देवालय पुन्हा बांधले ते जीर्ण झाले म्हणून. गोव्याचा कदंब राजा इ. स. १०३८ च्या सुमारास, म्हणजे स्वारीनंतर अवघ्या बारा वर्षांनी, सोमनाथाच्या यात्रेस गेला होता. आणि हिंदूंच्या युगायुगाच्या मनोव्यथेचा उल्लेख प्रथम स्पष्टपणे झाला तो १८४३ साली, लंडनच्या पार्लमेंटात.

या शेवटच्या मुद्द्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याने १८४२ साली अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैन्याला महमुदाच्या कबरीवरील दारे आणावयास सांगितली आणि ही सोमनाथाचीच दारे असून आठशे वर्षांचा अपमान धुऊन निघाला, असा जाहीरनामा हिंदी राजेरजवाड्यांना उद्देशून काढला. दारे निघाली देवदाराच्या लाकडाची, इस्लामी घाटाच्या नक्षीची. सोमनाथाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ती आग्र्याच्या किल्ल्यापलीकडे कधी गेलीच नाहीत, आणि अजून तेथेच आहेत. पार्लमेंटात मेकॉले त्यावर तुटून पडला, पण त्याचा एक मोठा आक्षेप असा होता की ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेचा, तोही लिंगपूजेचा, गौरव केला. म्हणजे एकाने दुसऱ्याच्या दुःखाचा राजकारणासाठी उपयोग केला आणि दुसऱ्याने त्या दुःखाच्या विषयाचीच घृणा केली. दोघेही ख्रिस्ती म्हणविणारे होते. ज्यांच्या देवालयाविषयी ही चर्चा चालली होती त्यांना कोणी काही विचारले नाही. आम्हांला यिर्मया २८ मधील हनन्याची आठवण होते. परमेश्वराच्या मंदिरातील पात्रे दोन वर्षांच्या आत परत येतील असे त्याने सर्व लोकांसमक्ष सांगितले, आणि लोकांना ते गोड वाटले असणार. यिर्मयाने त्याला प्रथम ‘आमेन’ म्हटले, ‘परमेश्वर तसे करो’ असेही म्हटले. मग त्याचे बोलणे खोटे ठरविले. लुटलेल्या वस्तू परत आणण्याचे झटपट वचन देणारा माणूस बहुधा भलतीच दारे घेऊन येतो.

थापर यांच्या विवेचनाने पुष्कळ धुके निवळले, हे मान्य करून आम्ही एका ठिकाणी त्यांच्याशी असहमत आहोत. शिलालेख मूक आहेत, म्हणून दुःख फारसे नव्हते, असा निष्कर्ष त्यांच्या ग्रंथातून वाचकाच्या मनावर ठसतो. शिलालेख हे दानपत्र असते, ते दात्याची कीर्ती गाते. पराभवाची नोंद करणे हे त्याचे कामच नव्हे. शिवाय पूर्ण मौन होतेही असे नाही. भोजराजाच्या आश्रयाचा जैन कवी धनपाल याने त्याच काळात सत्यपूरच्या, म्हणजे आजच्या सांचोरच्या, महावीरावर अपभ्रंशात एक लहानसे काव्य रचले, आणि त्यात तुर्कांनी उद्ध्वस्त केलेल्या स्थळांत सोमेश्वराचे नाव घेतले आहे. मात्र ते घेण्यामागे हेतू असा की, ती सर्व स्थळे पडली, पण आमच्या महावीराची प्रतिमा अभंग राहिली! दुसऱ्याच्या देवाचे भग्नावशेष आपल्या देवाच्या पायाखाली अंथरण्याचा हा मोह कोणत्या एका धर्माचा नाही.

मौन कसे असते याचा एक नमुना बडोद्यातच आहे. शहराच्या पश्चिमेस विश्वामित्रीपलीकडील अकोटा, म्हणजे प्राचीन अंकोट्टक, येथे १९५१ साली जमिनीतून जैन काशाच्या मूर्तींचा मोठा साठा निघाला. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली मुंबई सरकारच्या पुरातत्त्व खात्यातर्फे ग्रंथ प्रसिद्ध केला. पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. दीक्षेपूर्वीच्या महावीराची, मुकुट व अलंकार धारण केलेली, ‘जीवंतस्वामी’ नावाची प्रतिमा त्यांत आहे. तिच्या पीठावर चंद्रकुलातील नागीश्वरी नावाच्या श्राविकेने ती दिली असे कोरले आहे. दोन मूर्तींवर जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे. देणाऱ्यांची नावे आहेत, गच्छ-कुळांची नावे आहेत. परंतु कोणा एके दिवशी कोणीतरी एवढ्या मूर्ती एकत्र करून मातीखाली ठेवल्या, त्याविषयी एकही अक्षर नाही. लपविणारा माणूस लेख कोरीत नसतो. ज्याला परत येण्याची आशा आहे तो खूण मनात ठेवतो, आणि त्याच्याबरोबर ती खूणही जाते. अशा मौनाला आम्ही बेफिकिरी म्हणणार नाही, आणि त्यात मुनशींची अखंड वाहणारी जखमही भरणार नाही.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे. सोमनाथाचे लिंग स्वतःचे रक्षण करू शकले नाही, यावरून ते देव नव्हते हे सिद्ध झाले, असा युक्तिवाद आमच्या उपदेशांत व जुन्या पत्रिकांत एकेकाळी सर्रास येई. अजूनही तो ऐकू येतो. त्याला आधार म्हणून दागोनाची मूर्ती कोशापुढे पालथी पडली ती कथा सांगितली जाते. पण हा युक्तिवाद पवित्र शास्त्रात मुळात कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे. २ राजे १८ मध्ये सन्हेरीबाचा रब्शाके यरुशलेमेच्या तटाखाली उभा राहून तटावरच्या लोकांना त्यांच्याच भाषेत विचारतो की, कोणत्या राष्ट्राच्या देवाने आपला देश अश्शूराच्या राजाच्या हातून सोडविला आहे? हमाथाचे देव कोठे आहेत? अर्पादाचे कोठे आहेत? लुटला गेला तो देव खोटा, हे सूत्र रब्शाकेचे आहे. त्या वर्षी यरुशलेम वाचले, म्हणून पुष्कळांना वाटते की सूत्र बरोबर होते, फक्त त्याने देव चुकीचा निवडला. पुढे सुमारे एकशे पंधरा वर्षांनी गारद्यांचा सरदार नबूजरदान आला तेव्हा हे सूत्र परमेश्वराच्याच मंदिराला लागू पडले असते. यिर्मया व यहेज्केल यांनी ते नाकारले म्हणून इस्राएलाची श्रद्धा टिकली. मंदिर पडले, पात्रे गेली, आणि तरीही ज्याचे ते मंदिर होते तो पडला नाही, हे म्हणण्यास त्यांना सर्व जुनी भाषा मोडून नवी करावी लागली. आणि इ. स. ७० मध्ये तीताच्या सैन्याने दुसरे मंदिर जाळून त्यातील समई व समर्पित भाकरीचे मेज रोमच्या मिरवणुकीत नेले, ते आजही तीताच्या कमानीवर कोरलेले दिसते. तेव्हा आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांपैकी कित्येकांनी त्या कमानीच्या बाजूने उभे राहून यहूद्यांना रब्शाकेचेच प्रश्न विचारले. मंडळीच्या इतिहासातील ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये. ज्या ग्रंथातील विलापगीते आम्ही उत्तम शुक्रवारी वाचतो तो ग्रंथ लुटलेल्यांनी लिहिला आहे. तो लुटणाऱ्याच्या बाजूने वाचता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग मूर्तिपूजेविषयी यशयाने व स्तोत्रकर्त्याने जे कठोर उद्गार काढले त्यांचे काय? ते उद्गार आहेत, आणि आम्ही ते पुसून टाकीत नाही. परंतु बाबेलातील बंदिवानांनी, ज्यांची स्वतःची पात्रे बेलाच्या देवळात पडून होती त्यांनी, विजेत्याच्या दैवतांचा उपहास करणे वेगळे. आणि ज्याचे काही गेले नाही त्याने शेजाऱ्याच्या भग्न गाभाऱ्याकडे बोट दाखविणे वेगळे. शब्द तेच राहतात, बोलणाऱ्याची जागा बदलते.

वेरावळच्या एका लेखाचा उल्लेख करावयाचा राहिला. इ. स. १२६४ मध्ये होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज नावाच्या जहाजमालकाने सोमनाथपट्टणात मशीद बांधली. जागा मिळविण्याच्या कामी त्याला साहाय्य होते ते तेथील पंचकुलाचे, आणि त्या पंचकुलाचा प्रमुख पाशुपत आचार्य वीरभद्र होता. हा सोमनाथाच्याच धर्मस्थानाचा अधिकारी. लेख संस्कृत व अरबी अशा दोन भाषांत असून संस्कृत लेखात हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ व सिंह १५१ अशा चार संवतांत तिथी दिली आहे. त्यात अल्लाला विश्वनाथ म्हटले आहे. महमुदाच्या स्वारीला तेव्हा अडीचशे वर्षेही झाली नव्हती. हा लेख सलोख्याचे उदाहरण म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, आणि तसा तो आहेही. पण सांगणारे बहुधा संस्कृत पाठावर थांबतात. अरबी पाठात सोमनाथ हे नगर पुढे इस्लामचे व्हावे अशी इच्छाही व्यक्त केली आहे. संस्कृतात ती नाही. वीरभद्राने अरबी पाठ कोणाकडून वाचवून घेतला असेल काय? की घेतला असूनही, बंदराचे गाव आहे, व्यापारी माणसे आहेत, आपापल्या भाषेत आपापल्या आशा बोलणारच, असे म्हणून त्याने जागेच्या कागदावर संमती दिली? आमच्या मते येथील प्रत्येक ख्रिस्ती उपदेशकाने हे दोन्ही पाठ एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, आणि मग आपण मराठीत मंडळीपुढे काय बोलतो व गुजरातीत शेजाऱ्यांपुढे काय बोलतो, तेही तसेच शेजारी ठेवून पाहावे.